एक वर्ष बाकावर

कुणी उंच माणूस समोर आला की आमचे सर आधी त्याच्या पायांकडे बघायचे. तुम्हाला वाटेल नम्रता. कसली आलीय नम्रता! चपलेचा तळ किती जाड आहे ते बघत असायचे. तो मनातल्या मनात वजा केला की मग नजर वर जायची आणि ठरलेला प्रश्न यायचा, "कोनत्या कॉलेजात हाय?"

हा प्रश्न त्यांनी लग्नात नवरदेवाच्या भावाला विचारलेला मी ऐकला आहे, बँकेच्या रांगेत विचारलेला ऐकला आहे. आमच्या हेडक्लार्कचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो होतो, तर तिथे कोपऱ्यात रडत उभ्या असलेल्या नातवालाही विचारलेला ऐकला आहे. पोरगा हुंदके देत "बीकॉम फर्स्ट इयर" म्हणाला. मी सरांच्या कोपराला जोरात चिमटा काढला. "मॅडम, चिमटे कायले काढता?" ते कुजबुजले, "हात पाहा न पोट्ट्याचे. गुडघ्याले टेकून राहिले."

सर अमरावतीच्या आमच्या कॉलेजात खेळाचे प्रमुख होते. मी रसायनशास्त्र शिकवते. खेळाशी माझा संबंध शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबू पाडण्यापुरता. पण मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत बाई लागते, आणि प्राचार्यांच्या केबिनमधून त्या दिवशी नेमकी मीच बाहेर पडत होते. झाले मॅनेजर. बास्केटबॉलमध्ये टोपलीला बूड नसतं हेही मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

लोकांना वाटतं खेळाचा मोसम हिवाळ्यात. साफ चूक. खरा मोसम मे-जूनचा. परीक्षा संपतात, मैदानावर ऊन नुसतं भाजून काढतं, कुत्रंही फिरकत नाही, आणि तेव्हा सगळ्या कॉलेजांचे खेळाचे सर एकमेकांचे खेळाडू पळवायला निघतात. कुणी होस्टेलची खोली दाखवतं, कुणी नवे बूट. आमचे सर स्कूटर काढून चांदूर बाजारच्या बाजारात जायचे ते भाजीसाठी नव्हे, गर्दीच्या वर निघालेली डोकी हेरायला. भाजी विसरून यायचे आणि घरी बोलणी खायचे.

या धंद्यात त्यांचा हाडवैरी एकच. अकोल्याच्या एका कॉलेजचे खेळाचे सर. आणि हा हाडवैरी म्हणजे त्यांचा सख्खा साडू! दोघांच्या बायका बहिणी. बहिणींनी शहाणपणा करून एक रिवाजच पाडला होता: ॲडमिशनच्या दिवसांत घरात कार्य काढायचं नाही. मुंज, बारसं, साखरपुडा, जे काय असेल ते दिवाळीनंतर. का, तर हे दोघं समोरासमोर आले की पंगतीत भांडतात.

एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीत दोघं एकत्र सापडले. विषय निघाला पावलांचा. बॉल हातात धरून दोनापेक्षा जास्त पावलं टाकली की चूक, एवढं मलाही कळत होतं. पण मध्यंतरी नियमात एक नवीन पाऊल आलं, बॉल पकडता पकडता पडणारं. ते म्हणे मोजायचंच नाही. आमचे सर म्हणाले, "हे तं चोरीले परवाना देनं झालं." साडू म्हणाले, "साडभाऊ, जमाना बदलला, तुमी नाई बदलले." सरांनी कलशावरचा नारळ उचलला आणि भर हॉलमध्ये पावलं टाकून दाखवली. साडूंनी नारळ हिसकून आपली टाकून दाखवली. बायका मुलांना उचलून भिंतीला लागल्या. शेवटी भटजींनी हात पुढे करून सांगितलं, "नारळ द्या, मुहूर्त चालला." तेव्हा सर त्यांनाच विचारतात, "तुमी सांगा गुरुजी, हे पाऊल धरायचं का नाई?"

ही गोष्ट घडली त्या उन्हाळ्यात मात्र सर भलतेच खुशीत होते. त्यांनी साडूंच्या संघातली सुजाता उचलून आणली होती. पातूरची पोरगी, ताडमाड, बॉल हवेतून असा काढून घ्यायची की बाकीच्या नुसत्या उड्या मारत राहायच्या. सरांच्या उन्हाळी शिबिराला आली, सरांचं शिकवणं आवडलं, अकोल्यात बीए झालीच होती, एमएला आमच्याकडे आली. आईच्या आजारपणात तिची मधली वर्षं घरीच गेली होती, त्यामुळे विद्यापीठाच्या वयोमर्यादेत तिला खेळायला हे एकच वर्ष उरलं होतं. या वर्षी विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात जायची वाट उघडणार होती. नाही झाली तर संपलं. ती हे सगळ्यांना सरळ सांगायची.

जूनमध्ये विद्यापीठात खेळाच्या सगळ्या सरांची बैठक झाली. मॅनेजर म्हणून मीही जाऊन बसले. आमच्या सरांनी एक नियम मांडला. कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूने एक वर्ष बाकावर बसायचं, खेळायचं नाही. आदल्या वर्षी साडूंनी आमची एक मुलगी नेली होती, ती आग अजून पोटात होती. "पळवापळवी बंद झाली पायजे!" सर कडाडले. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात साडू शांतपणे म्हणाले, "नियम चांगला हाय. पन पुढच्या वर्षीपासून लावा."

इथे घात झाला. साडू पूर्व म्हणाले की पश्चिम म्हणायचं, ही सरांची आयुष्यभराची सवय. ते उठून उभे राहिले. "पुढच्या वर्षी? म्हंजे यात कायतरी काळंबेरं हाय! नाई! याच वर्षीपासून!" आणि टेबल असं बडवलं की अध्यक्षांचा चहा बशीत आला. नियम मंजूर झाला. सरांनी माझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला.

बाहेर टपरीवर साडू आमच्याजवळ आले. "साडभाऊ, सुजाताचं काय करता आता?"

"तिचं काय? थे तं एमएले आली. नवा कोर्स, नवी ॲडमिशन."

"नियम काय मंजूर केला तुमी? कॉलेज बदललं तं बाकावर. कोर्साचं नाव तरी काढलं का कोनी?"

सरांचा कप ओठापाशीच थांबला.

"मी पुढच्या वर्षीपासून लावा म्हनत होतो थे काहून? तुमच्यासाठी? तुमचं तोंड पाहूनच मले पित्त होते. पोरीसाठी म्हनत होतो." एवढं बोलून साडू गाडीला किक मारून निघून गेले.

सर मागे फिरून अध्यक्षांकडे धावले. अध्यक्ष ओला कागद वाळवत होते. "सर, आत्ताच तर तुम्ही टेबल तोडत होता," म्हणाले, "आता काय खुर्ची तोडता?"

मला काय राग आला होता म्हणून सांगू! दोन म्हाताऱ्यांच्या हट्टापायी एका पोरीचं नशीब बाकावर बसणार. "आता काय करायचं?" मी विचारलं. सर म्हणाले, "आपली ॲडमिशन रद्द करायची. तिच्या जुन्या कॉलेजातच एमए करन थे. मंग कॉलेज बदललं कुठं?" आणि पुढे हळूच, "मॅडम, तुमची कार हाय न? अकोल्याले जाऊ. मले एकट्याले नाई जमनार."

मी गाडी काढली. सुजाता मागे, गुडघे हनुवटीला लावून. मूर्तिजापूर आलं. मग मागून आवाज आला, "सर, मी का बॉल हाय का? इकून तिकडं, तिकून इकडं, फेकूनच राहिले तुमी दोघं." सरांनी मागे वळून बघितलं नाही. "चूक झाली बाई माही," म्हणाले. उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नसेल. मी तर गाडी जवळजवळ थांबवलीच.

साडूंनी दार उघडलं. "या. रसाळीले बोलावलं तं आले नाई, आंबे संपल्यावर आले." सर दारातच उभे राहून म्हणाले, "हे घ्या तुमची खेळाडू." साडूंनी सुस्कारा सोडला. "उशीर केला साडभाऊ. जागा भरली आमची."

"जागा भरली? बह्याड हाय का तुमी?" सर चपला घालूनच बैठकीत घुसले. "अशी पोरगी अख्ख्या वऱ्हाडात नाई!" आणि मग त्यांनी सुजाताचे गुण सांगायला सुरुवात केली. तिला टोपलीच्या कुठल्या बाजूला उभी करायची, बॉल कसा द्यायचा, सगळं. भरात येऊन आमच्या संघातली कोणती मुलगी डावीकडून कच्ची आहे आणि सुजाताने तिला कसं चकवायचं तेही सांगून टाकलं. मी त्यांचा शर्ट ओढत होते. साडू मान खाली घालून हसत होते. "बस करा, भाऊजी," स्वयंपाकघरातून साडूंची बायको ओरडली. "यायनं तवाच प्राचार्यांशी बोलून ठेवलं. तुमची मजा पाहून राहिले हे."

तेवढ्यात सुजाता उठून उभी राहिली. ती उभी राहिली की खोली लहान वाटायची. "ठरलं का तुमचं? मले इचारलं का कोनी? मले या वर्षी खेळायचं हाय, कोनत्याबी कॉलेजातून. पन फ्री थ्रो मी अमरावतीच्या सरांजवळच शिकीन. दर रविवारी जाईन. चालते का बोला."

साडूंचा चेहरा कडू झाला, पण म्हणाले, "चालते." आमच्या सरांनी नुसती मान डोलावली.

फ्री थ्रो म्हणजे काय, माझ्यासारख्या अडाण्यांसाठी सांगते. समोरच्या संघाने धक्का दिला की ठरलेल्या रेषेवर उभं राहून एकट्याने बॉल टाकायचा, कुणी अडवत नाही, आत गेला की एक गुण. सोपं वाटतं, आणि तिथेच चांगल्या चांगल्यांचा नेम चुकतो. सुजाताचाही चुकायचा. तर दर रविवारी ती गाडीने यायची, सर तिला शिकवायचे, आणि आमच्या मुली पायरीवर बसून बघायच्या. "सर दुश्मनाले बंदूक शिकवून राहिले," आमची कॅप्टन म्हणायची. सर म्हणायचे, "तू तुही बंदूक साफ कर."

अंतिम सामना अर्थातच आमचा आणि त्यांचा झाला. विद्यापीठाचं मैदान, कडेला निवड समिती बसलेली. सुजाता त्या दिवशी जरा बिचकतच खेळत होती, समितीतल्या लोकांची आपसात कुजबुज चाललेली मला दिसत होती. शेवटचे काही सेकंद राहिले. आम्ही एका गुणाने पुढे. सुजाता टोपलीखाली उसळली आणि आमच्या कॅप्टनने तिला पाडली. शिटी. दोन फ्री थ्रो.

आता अशा वेळी काय करतात ते शेंबडं पोरही सांगेल. टाईमआऊट घेतात, म्हणजे हातांनी खूण करून खेळ थांबवतात. टाकणारीला मिनिटभर तशीच ताटकळत ठेवायची, म्हणजे तिचा नेम ढळतो. आमच्याकडे एक टाईमआऊट शिल्लक होता. "सर! टाईमआऊट!" आमच्या मुली ओरडल्या. "सर, टाईमआऊट घ्या न!" मी, रसायनशास्त्राची बाई, मीसुद्धा ओरडले. सर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

पहिला बॉल आत गेला. दुसरा कड्यावर फिरला, फिरला आणि पडला आत. आम्ही हरलो. समितीतल्या एका म्हाताऱ्याने शेजारच्याकडे बघून मान डोलावली आणि मला कळलं, पोरीचं काम झालं.

आमची कॅप्टन रडत, लाल होऊन सरांसमोर आली. "सर, टाईमआऊट होता आपल्याजवळ! काहून नाई घेतला?"

झोपेतून उठवलं तरी नियम पुस्तकातल्यासारखा म्हणून दाखवणारा हा माणूस. तो तिच्याकडे बघेना.

"इसरलो," म्हणाले, आणि बुटाची लेस बांधायला खाली वाकले. बराच वेळ वाकूनच होते.

आता ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला तरुण फार हुशार आहे, काही विसरत नाही. मला मात्र दर सामन्यात ते खाली वाकलेले सर आठवतात आणि डोळे भरून येतात. सरांच्या बुटांना लेस नव्हतीच हो. चिकटणारा पट्टा होता.