मामा नावाची दोन वावरं

हदगावजवळच्या खेड्यात सून म्हणून आलेली तनुजा नांदेडला एका शेतकरी बियाणे कंपनीत आकड्यांचं काम करते. कुणाच्या वावरात तूर कशी पिकली, हे ती ‘आर’ नावाच्या संख्याशास्त्राच्या संगणकी भाषेत मांडते. कामाला वाघ, पण सासरची एकेक रीत तिनं जिवापाड जपलेली.

सुरुवातीला तिनं वावरांना गट नंबरचीच नावं दिली, तर मशीननं साफ नाकारली. ही भाषा तिला शिकवणारा यासेर शेजारच्या टेबलावरून हसला.

“ताई, नाव आकड्यानं सुरू न्हाई करायचं. मधी जागा सोडायची न्हाई. अन् एकाचं नाव दुसऱ्याला दिलं की पहिला गेलाच समजा. मशीन हूं की चूं करत न्हाई.”

मग तिनं शेतकऱ्यांचीच नावं दिली. संगप्पा झाले, सुमनबाई झाल्या. पुढचं वावर सासऱ्यांचं, दगडोबांचं. तिथं बोटं अडली. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नसतं, मग बोटांनी तरी कसं घ्यावं? हाक मारते तेच तिनं लिहिलं: मामा. पुढे चुलत सासरे भागवत यांचे आकडे आले. त्यांनाही ती मामाच म्हणते. तेही मामा म्हणून चढले, आणि मशीन गप्प राहिलं.

निकालाच्या दिवशी दगडोबा धुवट धोतर नेसून सकाळच्या एसटीनं आले. त्यांनी घरात राखलेलं तुरीचं वाण पुढच्या हंगामात गावोगाव लावायचं की वगळायचं, हे त्या दिवशी बैठकीत ठरणार होतं. बैठकीआधी ते सुनेच्या शेजारी बसले. पडद्यावरच्या आलेखात ‘मामा’ लिहिलेला त्यांच्या वावराचा खांब सगळ्यांत बुटका.

“एवढुशी? लई पिकली होती की गं.” मग म्हातारा खचलाच. “जाऊ दे. वाणातच दम नसंल.”

तनुजानं फाइल उघडून पाहिली. हे आकडे भागवतमामांचे! त्यांच्या वावरात पाणी साचून तूर उधळली होती, उभ्या उभ्या वाळली होती. एका मामानं दुसऱ्याला गिळलं होतं, आणि घास तिनंच भरवला होता. बरं, मूळ आकडे फाइलीत शाबूत होते. फक्त नावं वेगळी द्यायची होती.

“यासेरभाई, यांचं नाव तुम्हीच लिवा,” ती हळूच म्हणाली आणि चूक कशी झाली ते सांगून टाकलं.

यासेर पुढे सरसावला, तसा दगडोबांनी हात आडवा धरला. “थांब रे बाबा. लिवू दे तिला. पोरी, घरचंच माणूस नाव घेईना, तर गाव कशाला घेतंय?”

तनुजानं मान खाली घालून एकेक अक्षर दाबलं. खांब सरसर वर चढला आणि सगळ्यांच्या वर जाऊन थांबला. म्हातारा लहान पोरागत हसला.

बैठकीत वाण एकमतानं पास झालं. अध्यक्षांनी विचारलं, “पिशवीवर नाव काय छापायचं?”

घरात त्या तुरीला नुसतं ‘आपली तूर’ म्हणत. तनुजा उठून उभी राहिली. कान तापले होते, पण आवाज ठणठणीत निघाला.

“दगडोबा.”

आणि दगडोबांनी, भर बैठकीत, हाक आल्यासारखी “ओ” दिली.