सगळ्यांना मिळून एकच हाक

धाकटीला लहानपणापासून हाक मारायची भीती. माणसांची नव्हे, हाकेचीच. समोरच्याला तू म्हणायचं, तुम्ही म्हणायचं की आपण, हे ठरेपर्यंत समोरचा निघूनही गेलेला असायचा. लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात नवऱ्याच्या आत्याला तोंडातून "तू बस ना" निघून गेलं. आत्या बसल्या नाहीत. निघेपर्यंत उभ्याच राहिल्या. त्या दिवसापासून धाकटीनं वाक्यातून माणूसच काढून टाकला. "चहा टाकायचा का?" "जेवण झालं का?" "निघायचंय ना?" कुणाचं जेवण, कोण निघतंय, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. नवरा थट्टा करायचा, "आमच्याकडे माणसं राहत नाहीत. नुसती कामं आपोआप होतात."

धुलाईखान्यात तिला चिकटवलं ते थोरल्या जावेनं. तिथं हॉटेलांच्या चादरी नि टॉवेल ढिगांनी येत. धुण्याचं मुख्य यंत्र म्हणजे ढोल, वाकून माणूस आत शिरेल एवढा मोठा. ओल्या चादरी एकमेकींत गुंतून गाठ बसली की कुणीतरी आत जाऊन ती सोडवायची. हे काम थोरलीचं. तिच्यासारखा हात कुणाचा चालत नसे आणि तिच्यासारखी जीभही.

जुन्या मुकादमाची एक पद्धत होती. ढोल सुरू करण्याआधी तो एकेकाला वेगळी हाक मारायचा. "मामा?" "बाहेर!" "थोरले?" "बाहेर!" शेवटच्या माणसाचं "बाहेर" कानावर आल्याशिवाय बटणाला बोट लागत नसे. घाईच्या दिवशी सगळे वैतागायचे. तो ढिम्म.

तो निवृत्त झाला आणि साहेबांनी मुकादम केलं धाकटीला, कारण यंत्राच्या पडद्यावरचं इंग्रजी तिला वाचता यायचं. घरी पेढे कुणी वाटले नाहीत. थोरली एवढंच म्हणाली, "बरं झालं. आता घरात मी सांगते, तिथं तू सांग."

पण सांगायचं कसं? वाळवणीचे मामा वयानं मोठे, त्यांना तुम्ही. घडी घालणाऱ्या दोघी मावसबहिणी तिच्याच बरोबरीच्या, त्यांना तू. थोरलीला हाक मारावीच लागली तर "अहो जाऊबाई". आता सगळ्यांसमोर "अहो जाऊबाई, जरा आत जाता का" म्हटलं की मामा मिशीत हसायचे, "मुकादम नक्की कोण?" आणि मावसबहिणींतली थोडी फटकळ होती ती म्हणायची, "तिला अहो आणि आम्हाला अगं. आम्ही काय रस्त्यावर पडलोय?"

सुटकेचा रस्ता साहेबांनीच दाखवला. साहेब तरुण, दारातून येतानाच म्हणायचे, "हाय गाइज! यू गाइज ओके?" मामा असोत, पोरी असोत, सगळे गाइज. आणि एकट्याशी बोलायचं तर यू. ना तू, ना तुम्ही. धाकटीला वाटलं, अरे, ही भाषा माझ्यासारख्या भित्र्यांनीच काढलेली दिसते! तिनं तो शब्द उचलला. "गाइज, टॉवेल आधी." "गाइज, सगळे बाहेर?" "होऽऽ!" असा एक मोठा होकार यायचा आणि ढोल फिरायचा. हाक मारताना आता अडखळायला होत नसे. कामही झटपट. साहेब खूश.

थोरली मात्र या होकारात कधीच नसायची. धाकटीला ते ऐकू येत होतं. पण विचारायचं म्हणजे पुन्हा ते "अहो", पुन्हा मामांचं हसणं. तिनं कानाआड केलं.

त्या दिवशी एका मोठ्या हॉटेलाच्या चादरी लगोलग हव्या होत्या. वाळवणीची यंत्रं तिन्ही धडधडत होती. धाकटी पडद्यासमोर उभी, कानाला फोन, फोनवर साहेब. तिनं मान न वळवताच ओरडून विचारलं, "गाइज, सगळे बाहेर?"

"होऽऽ!"

तिनं ढोलाचं दार लोटलं, कडी बसवली, बटण दाबलं. पाणी सुटल्याचा आवाज आला. आधी पाणी भरतं आणि पुरेसं चढलं की ढोल फिरायला लागतो.

दाराच्या गोल काचेवर आतून एक तळहात आदळला.

धाकटीला तो दिसला, पण समजला नाही. एखादा पांढरा टॉवेल चिकटावा तसा वाटला. मग बोटं मिटली, मूठ झाली आणि मूठ काचेवर आपटायला लागली.

फोन खाली पडला. तिनं लाल बटण पंजानंच हाणलं. ढोलानं एक आचका दिला, अर्धा वळसा घेतला आणि थांबला. काचेवरची मूठ नाहीशी झाली.

"दार! दार उघड!" मामा धावत आले.

"पाणी उतरेपर्यंत कडी सुटत नाही मामा!"

मामा कडीला लोंबकळले. मावसबहिणी एकमेकींना धरून उभ्या. "तू हो म्हणालीस ना?" "मी आमच्या दोघींपुरतं म्हटलं गं!" "मला वाटलं, त्या मामांपाशी आहेत."

पाणी गुडगुडत उतरत होतं, सावकाश, जणू त्याला कुठं जायचंच नव्हतं. धाकटीनं काचेला तोंड लावलं. आत अंधार आणि चादरींचा ढीग. ढीग हलत नव्हता. घरी काय सांगू? दिरांना काय सांगू? तिच्या लेकरांपुढे कोणत्या तोंडानं उभी राहू? हाक मारायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. अहो की अगं, असला प्रश्नच आता शिल्लक नव्हता, तरी जुनी सवय सुटत नव्हती. मग एकदम आवाज फुटला.

"थोरले! ए थोरले! बोल ना गं! तू बोल, शिव्या दे, काहीही दे!"

ती काचेवर थापा मारायला लागली.

"तुला म्हणतेय मी! तुलाच! दुसऱ्या कुणाला नाही!"

चादरींचा ढीग जरासा सरकला. "...ऐकतेय," आतून आलं. "बहिरी नाही मी."

कडी सुटली. मामांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा थोरली निथळत होती, कपाळाला खोक पडली होती आणि एक खांदा उचलता येत नव्हता. फरशीवर बसून ती दातांवर दात आपटत कुडकुडली. धाकटी तिच्याभोवती टॉवेलांवर टॉवेल गुंडाळत राहिली.

"मी विचारलं होतं," धाकटी पुटपुटली. "सगळे बाहेर का म्हणून."

"गाइजना विचारलंस." थोरलीचा आवाज कापत होता. "गाइज म्हणजे तुम्ही पोरंपोरी आणि तुमचा साहेब. मला कुठं हाक मारलीस? ते गाइज सुरू केल्यापासून एकदा तरी मारलीस?"

फरशीवर पडलेल्या फोनमधून साहेब अजून बोलत होते, "हॅलो? यू देअर?" धाकटीनं तो उचलला. "साहेब, थोरली आत असताना मी ढोल सुरू केला. चूक माझी. गाडी पाठवा, दवाखान्यात न्यायचंय."

नोकरी गेली तर गेली, असं ती स्वतःला सांगत होती, पण भीती नोकरीची नव्हतीच. ती अजून काचेपाशीच अडकली होती.

गाडीत थोरलीनं डोळे मिटून डोकं मागं टेकलं.

"थोरले?"

"काय आता?"

"काही नाही."

वळण आलं, गाडी हलली.

"थोरले?"

"अगं, जिवंत आहे मी! किती वेळा विचारशील?"

धाकटीनं तिचा ओला हात घट्ट धरला आणि पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं.