सर्च मास्तर बसले तेव्हा

सर्च मास्तरांना बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी ते उभे असत, आणि उभे म्हणजे तरी काय, या पायावरचा भार त्या पायावर टाकत, खिडकीपर्यंत जात, परत येत, दाराची कडी उगाचच तपासत. वसईच्या निबंधक कार्यालयासमोरच्या हॉटेलात ते चहा उभ्यानंच पीत. गास गावातल्या त्यांच्या घरी ओटीवर चार खुर्च्या होत्या. तीन खुर्च्यांवर पाहुणे बसत आणि चौथीची पाठ धरून मास्तर उभे. चर्चमध्येही मिस्सा संपेपर्यंत त्यांची जागा दाराशीच. "देव काय पळून जाणाराय, म्हणून दार अडवून राहतात," असं त्यांची बायको तेरेजाबाई म्हणे. मास्तर त्यावर हसत आणि पुन्हा खिडकीकडे जात.

मास्तर ते खरोखरच होते, गावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पुढे एका वकिलासाठी जमिनीचे मागच्या तीस वर्षांचे व्यवहार शोधून काढायचं काम करू लागले. या कामाला सगळे नुसतं 'सर्च' म्हणतात, म्हणून हे सर्च मास्तर. फ्लॅट घेणाऱ्याला त्यांची गरज पडे, तशी मलाही पडली. नोकरी संपली की माणसाला एकतर तीर्थयात्रेला जावंसं वाटतं, नाहीतर दुसरा फ्लॅट घ्यावासा वाटतो. मी तीर्थयात्रेतला नव्हतो. एव्हरशाईन सिटीत राहतं घर होतं. आणखी एक लहानसं घ्यावं, भाड्यानं द्यावं आणि उरलेलं आयुष्य भाडेकरूबद्दल तक्रार करण्यात घालवावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

नालासोपारा पश्चिमेच्या एका नव्या प्रकल्पावर माझा जीव जडला होता. प्रकल्पाला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव होतं. विक्री कार्यालयाच्या दारात कारंजं, आत अत्तराचा वास आणि मधोमध काचेखाली इमारतींची प्रतिकृती. तीत प्लास्टिकची झाडं आणि कुत्रं फिरवायला निघालेली बोटाएवढी गोरी माणसं. टाय लावलेल्या तरुणानं "वेलकम अंकल, बैठिए" म्हणून सोफा दाखवला. मी बसलो. मास्तर प्रतिकृतीभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"ही झाडं मंजूर नकाशात आहेत, की नुसती काचेखाली?"

"अंकल, लँडस्केपिंग फेज टूमध्ये येतं."

"आणि पाणी कुठल्या फेजमध्ये?"

तरुणानं घाईघाईनं प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, रेराचा नंबर पुढे केला. मास्तरांनी तो वहीत उतरवून घेतला आणि म्हणाले, "हा जन्माचा दाखला झाला. पोरगं पुढे कसं निघेल, ते यात लिहिलेलं नसतं."

मग ते बाहेर गेले ते थेट फाटकाजवळ भाजी विकणाऱ्या म्हातारीकडे. "आजी, इथलं बावखल कुठे गेलं?" बावखल म्हणजे आमच्याकडचं जुनं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी एकेका वाडीला असायचं. म्हातारीनं कारंज्याकडे बोट दाखवलं. "ते काय, त्याच्याच खाली. आमी कपडे धुवायचो तिथं. आता सायबांना पानी टँकरनं येतंय, बघत बसते मी." मास्तर वही मिटत म्हणाले, "अर्धा सर्च झाला. उरलेला कागदावर करू."

कागद वाचायची त्यांची पद्धत उलटी होती. ते शेवटच्या पानापासून सुरुवात करत. आधी सह्या, अंगठे, साक्षीदार, आणि मग वर वर चढत जात. "पहिल्या पानावर सगळं गोडच असतं," ते म्हणत. "कोण राहून गेलं, ते शेवटी कळतं." राहून गेलेल्यांत बहुतेक वेळा बायकाच असत. कुटुंबाची वंशावळ हातात आली की ते पेन्सिलीनं मुली मोजत. एकदा एका एजंटला त्यांनी माझ्यादेखत विचारलं, "या घरात तीन पिढ्या नुसते मुलगेच? अशा घराण्याचा तर सत्कार करायला हवा." एजंट म्हणाला, "मास्तर, मुली लग्न होऊन गेल्या ना." "लग्न होऊन गेल्या. मेल्या नाहीत," मास्तर म्हणाले आणि कागद परत केला.

असल्या जागी मी मनापासून हसत असे. दुसऱ्याच्या वंशावळीवर हसायला काही लागत नाही.

कारंज्याचा नाद मी सोडला, पण दुसऱ्या फ्लॅटचा नाही. एव्हरशाईनमध्येच एक जुना, भोगवटा प्रमाणपत्र असलेला, नळाला खरंखुरं पाणी असलेला फ्लॅट विकायला निघाला. मास्तरांनी त्याचे कागद पाहून मान हलवली. म्हणजे परवानगी. प्रश्न उरला तो वडिलांच्या विरारच्या फ्लॅटचा. तो विकल्याशिवाय हा घेणं जमणार नव्हतं. आई आधीच गेलेली, वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मृत्युपत्र नव्हतं, पण सोसायटीत त्यांनी नॉमिनी म्हणून माझं नाव दिलं होतं. विकत घेणारा तयार होता, पंधरा दिवसांत उत्तर मागत होता. मी सगळे कागद फायलीत लावले, वर पारदर्शक प्लास्टिकही चढवलं, आणि एका दुपारी गासला गेलो.

मास्तरांनी फाईल उलटी धरली. शेवटचं पान पाहिलं. "बहीण आहे ना तुम्हाला?"

"सुलभा. नाशिकला असते. पण नॉमिनी मीच आहे."

"नॉमिनी म्हणजे किल्ली सांभाळणारा. घर वारसांचं. तिचं तुमच्याइतकंच."

"ते माहीतच आहे हो," मी म्हणालो. माहीत नव्हतं. "म्हणून तर तिचं हक्कसोडपत्र टाइप करून आणलंय. सही तेवढी राहिलीय. ती काही म्हणायची नाही."

"म्हणायची नाही, म्हणून तर विचारायचं," मास्तर म्हणाले, आणि ज्या खुर्चीची पाठ धरून उभे होते तिच्यावर बसले.

मी इतका दचकलो की स्वतः उठून उभा राहिलो. तेरेजाबाई आतून आल्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि परत आत गेल्या.

मास्तर बोलायला लागले ते जमिनीकडे बघत. त्यांना एक थोरली बहीण, मार्था. वडील गेले तेव्हा वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकायचं भावांनी ठरवलं. बहिणीची सही लागणार होती. "मी नेलं तिला निबंधक कार्यालयात. माझ्याच स्कूटरवर. सगळ्यांत लाडका भाऊ मी, म्हणून मला पाठवलं. तिनं वाचलंसुद्धा नाही. मी बोट ठेवलं तिथं सही केली. खाली आल्यावर मी तिला आइस्क्रीम खाऊ घातलं. ते खाताना विचारते कशी, 'बाबू, विहिरीजवळचं जांभळाचं झाड पण त्यात गेलं का?' मी म्हटलं, 'सगळंच गेलं.' 'बरं,' म्हणाली. बस, इतकंच."

"मग? भांडण झालं?"

"भांडली असती तर बरं झालं असतं. अजून येते ती. सणाला येते, पोरांच्या वाढदिवसाला येते. तिथं, त्या खांबाला टेकून उभी राहते. बाय, बस म्हटलं की म्हणते, नको, निघायचंय." एवढं बोलून मास्तर उठले, कडी तपासून आले आणि मला म्हणाले, "तुमचं ते टाइप केलेलं घरी ठेवून जा नाशिकला."

मी ते बॅगेत घालूनच गेलो. मला वाटत होतं, मी विचारीन, सुलभा "नको रे दादा" म्हणेल, मी आग्रह करीन, ती डोळे पुसेल आणि मग सही करील. उदार व्हायची पूर्ण तयारी होती माझी. प्रवासात मी एक-दोन वाक्यं जुळवूनही ठेवली होती. चहा यायच्या आत विचारलं, "बाबांच्या घरातला तुझा हिस्सा तुला हवाय का?"

"हवाय," सुलभा म्हणाली. मग गॅस बारीक करायला आत गेली आणि तिथूनच ओरडली, "साखर किती रे तुला आता?"

विरारचा फ्लॅट विकला गेला नाही. तो आता दोघांच्या नावावर आहे. एव्हरशाईनचा जुना फ्लॅट दुसऱ्याच कोणी घेतला. आमच्या हिला सोसायटीच्या जिन्यात तो माणूस भेटतो, आणि त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडतं. मी हे सगळं मास्तरांना सांगायला गेलो, तेव्हा मनात कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. मास्तरांनी ओटीवर एक फेरी मारली आणि विचारलं, "तुमच्याकडे आली की बसते का ती?"

"कोण?"

"बहीण."

मला आठवेना. इतक्या वर्षांत मी ते पाहिलंच नव्हतं.

मास्तर पुढच्या पावसाळ्याआधीच गेले. दफनविधी झाल्यावर आम्ही काहीजण घरी आलो. ओटीवर त्याच चार खुर्च्या होत्या. खांबाला टेकून एक वृद्ध बाई उभी होती, अंगावर काळी साडी, हातात जपमाळ. ही मार्था, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मी उठून माझी खुर्ची पुढे केली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "नको बाबा, निघायचंय." तासाभरानं मी निघालो, तेव्हाही त्या तिथंच उभ्या होत्या.

गेल्या महिन्यात विरारच्या फ्लॅटला भाडेकरू बघायचा म्हणून सुलभा आली. बेल वाजली, दार मी उघडलं, आणि बाजूला उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो. तिनं चपला कशाही भिरकावल्या, माझ्या आरामखुर्चीवरचा पेपर उचलून टीपॉयवर टाकला, खुर्चीत धपकन बसली, दोन्ही पाय वर घेतले आणि म्हणाली, "असा उभा काय राहिलायस दारात? चहा टाक."