बॅरीची सिरीज, ॲलनची सिरीज

लीड्सला आमच्याकडे कुणी जेवायला आलं, की हवामान आणि व्हिसा हे दोन विषय भात येईपर्यंत संपतात. मग कुणीतरी विचारतंच, "पण तू वीकेंडला नक्की जातेस कुठे?" माझा नवरा नितीन लगेच खुर्ची मागे सरकवून आरामात बसतो. आठवडाभर तो नोकरीसाठी मेडनहेडला असतो, त्यामुळे त्यालाही काही किस्से नवीन असतात. मी एक सांगायला लागते आणि त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो.

मी मूळची नागपूरची, इथे हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. आमच्या शेजारी बॅरी राहतो. व्हॅन दुरुस्तीचं गॅरेज आणि स्प्रिंट कार रेसिंग, एवढंच त्याचं जग. स्प्रिंट कार म्हणजे चार चाकं, एक आडदांड इंजिन आणि डोक्यावर जेवणाच्या टेबलाएवढा पत्र्याचा पंख. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर ती तिरकी घसरतच वळते.

एका रविवारी बॅरीने बेल वाजवली. त्यांचा ट्रॅकवरचा डॉक्टर रिटायर होऊन स्पेनला गेला होता, आणि डॉक्टर हजर नसेल तर रेस सुरूच करता येत नाही. एक दिवस येशील का, म्हणाला. मी हो म्हटलं, आणि ठेवणीतला क्रीम कलरचा कोट घालून गेले. सगळ्यात छान कुठून दिसतं ते मीच विचारलं, आणि त्याने दाखवलं तिथे, पहिल्या वळणावर उभी राहिले. गाड्या आल्या आणि गेल्या. कोट, केस, चष्मा, सगळं एका रंगाचं झालं.

रेस संपल्यावर बॅरीने हेल्मेट काढलं, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "कोटाचं सांगायचं राहिलंच."

मग कुणाच्या तरी बायकोने मला कॅरॅव्हॅनमध्ये नेऊन किटलीतल्या कोमट पाण्याने माझे केस धुतले. नाव नंतर विचारलं, चहात साखर किती ते आधी. पुढच्या रेसला गेले तेव्हा बिनसाखरेचा कप तयार होता. या देशात येऊन मला बरीच वर्षं झाली होती. लोक चांगलेच वागायचे, पण माझा चहा लक्षात ठेवणारे हे पहिले.

*

बॅरीचा धाकटा भाऊ ॲलन. दोघं लहानपणापासून एकाच टीममध्ये. भांडण झालं ते टायरवरून. सगळ्यांनी एकाच प्रकारचे टायर वापरायचे, म्हणजे कौशल्य दिसतं, असं बॅरीचं म्हणणं. ज्याला जे हवे ते वापरू द्या, नाहीतर खेळ झोपेल, असं ॲलनचं. एका हिवाळ्यात पबमध्ये मीटिंग झाली. आत जाताना रेसेसची एक सिरीज होती, बाहेर पडताना दोन. दोन्हींनी आपल्या पोस्टरवर 'नॅशनल चॅम्पियनशिप' असं ठळक छापलं, आणि भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

त्याच मोसमात बॅरी जुन्या सिरीजचा चॅम्पियन झाला, ॲलन नव्या सिरीजचा. म्हणजे देशाचे चॅम्पियन दोन, आणि दोघांची आई एक!

डोरीन तिचं नाव. ऐंशी ओलांडलेली, पण कणखर. दोन्ही ट्रॉफ्या तिच्याच दिवाणखान्यात, फायरप्लेसच्या वरच्या फळीवर, दोन टोकांना. मी तिला एकदा गमतीने विचारलं, की खरा चॅम्पियन कोणता समजायचा?

"जेवण झाल्यावर कपबशा विसळतो तो," ती म्हणाली. "अजून ठरायचंय."

*

पुढच्या वर्षी दोन्ही सिरीजनी मुद्दाम एकाच शनिवारी रेस ठेवल्या, आणि दोन्हीकडून मला फोन आला. मी सांगून टाकलं, की ज्याचा फोन आधी त्याच्याकडे मी जाणार. बॅरीचा आधी होता. पण ॲलनकडे डॉक्टर नसला तर त्याची रेस रद्द, आणि एवढी लांबून आलेली कुटुंबं परत जाणार, हेही मला बघवेना. म्हणून मी आमच्या ऑर्थोपेडिक्समधल्या केदारला गळ घातली. केदार पुण्याचा. हाडं जोडणं सोडून त्याला जगात कशातच रस नव्हता. ॲलनकडे जायला तो कुरकुरत तयार झाला, तेही एकदाच म्हणून.

सोमवारी कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. सँडविच उघडलंसुद्धा नाही. एकाच प्रकारचे टायर सक्तीचे करणं हा स्पर्धेवर कसा अन्याय आहे, हे त्याने मला सविस्तर समजावलं. मग मीही तापले. कौशल्य, परंपरा, सगळं काढलं. आजूबाजूच्या नर्सेसना वाटलं, एखाद्या पेशंटवरून जुंपली आहे. शेवटी उठताना तो म्हणाला, "तुमच्या सिरीजचं मला काही सांगू नकोस. आमच्याकडे असलं चालत नाही."

आमच्याकडे! फक्त एका शनिवारात.

*

हा पुढचा सांगताना माझा आवाज अजून बदलतो.

फेब्रुवारीत नागपूरहून आईचा फोन आला. बाबांना हार्ट अटॅक आला होता, आयसीयूत होते. विमान मँचेस्टरहून दुपारी होतं. नितीन मेडनहेडला, बाहेर गुडघाभर बर्फ, ट्रेन बंद. टॅक्सीवाले फोनवर सॉरी म्हणत होते. मी बॅरीचं दार वाजवलं. तो बूट चढवतच बाहेर आला, पण त्याची व्हॅन गल्लीच्या तोंडाशीच रुतली.

मग त्याने एक गोष्ट केली, जी त्याने दोन वर्षांत केली नव्हती. त्याने ॲलनला फोन लावला. लावला, आणि माझ्या हातात दिला.

ॲलनकडे मोठा फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप होता. स्प्रिंट कारला स्टार्टर नसतो, ती मागून ढकलून सुरू करावी लागते, त्यासाठीचा. तो लगेच आला. पण टेकड्यांवरून जाणारा जुना रस्ता बॅरीला जास्त पाठ, आणि मध्ये कुठे अडकलो तर खणायला दोन माणसं हवीत. म्हणून तोही चढला. पिकअपला पुढे एकच लांब सीट. ॲलन स्टिअरिंगवर, बॅरी खिडकीशी, मधे मी.

अख्ख्या रस्ताभर दोघं माझ्यामार्फत बोलले. त्याला सांग, पुढे डावीकडे. त्याला सांग, मला दिसतंय. त्याला सांग, हळू. मी रडत होते आणि निरोप पोचवत होते. एका चढावर गाडी मागे घसरायला लागली. दोघं न बोलता उतरले, न बोलता फावडी घेतली, एकाने डावं चाक मोकळं केलं, दुसऱ्याने उजवं. एकदाही एकमेकांच्या वाटेत आले नाहीत.

विमानतळावर ॲलनने माझी बॅग उतरवली. बॅरीने स्वतःचे हातमोजे काढून मला दिले. नागपूरला हातमोजे कशाला लागतील, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

मी पोचले तेव्हा बाबा शुद्धीवर होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढ्या बर्फात आलीस कशी?" मी सांगायला लागले आणि सांगताना हसायलाही लागले. घाबरून, दमून, पण हसले. ती वेळ मला मिळाली ती त्या दोघांमुळे. हे ऋण फिटण्यातलं नाही, आणि मला ते फेडायची घाईही नाही.

*

बाबा बरे झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात आईला घेऊन लीड्सला आले. वीज मंडळातले निवृत्त इंजिनिअर. दोघा भावांना स्वतः भेटून आभार मानायचे, हा त्यांचा हट्ट. बॅरीच्या रेसला गेलो तर त्यांना जुन्या सिरीजची टोपी मिळाली. ॲलनच्या रेसला गेलो, तिथे नव्या सिरीजची. डोरीन दोन्हीकडे यायची. तिच्या शेजारी बाबांना बसवलं. बाबांचं इंग्रजी ऑफिसातलं, तिचं ठसठशीत यॉर्कशरचं, त्यामुळे मधे मी होतेच.

तिने विचारलं, यांना मुलगे किती? बाबा म्हणाले, मुलगा नाही, ही एकच मुलगी.

डोरीनने ट्रॅककडे पाहिलं, मग बाबांचा हात हातात घेतला. "यांना सांग," ती मला म्हणाली, "तुम्ही फार विचारी माणूस आहात."

*

आणि हा गेल्या मोसमातला. ॲलनच्या सिरीजची फायनल होती. केदार कॉन्फरन्सला गेला होता, म्हणून त्याच्या जागी मी. त्या दिवशी बॅरीकडे रेस नव्हती.

शेवटच्या लॅप्स चालू होत्या. ॲलन दुसरा होता. तिसऱ्या वळणावर त्याचं चाक पुढच्या गाडीच्या चाकावर चढलं आणि गाडी उडाली. गडगडत गेली, कुंपणाच्या अलीकडे उलटी पडली, आणि थांबली. लाल झेंडा लागला. मी बॅग घेऊन धावत सुटले.

मी पोचायच्या आत कुणीतरी प्रेक्षकांच्या बाजूने कुंपणावरून उडी मारली होती. ट्रॅकवरचे मार्शल त्याच्यावर ओरडत होते, तो ऐकत नव्हता. चिखलात गुडघ्यांवर बसून तो गाडीत वाकला होता. "त्याला हलवू नका," मी लांबूनच ओरडले. त्याने हात लगेच मागे घेतले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. बॅरी. चेहरा पांढराफटक.

मी आत डोकं घातलं. ॲलन पट्ट्यांमध्ये उलटा लटकत होता. मी त्याची मान धरली, नाव विचारलं, हातापायांची बोटं हलवायला सांगितली. सगळी हलली. मान दुखतेय का, विचारलं. नाही म्हणाला. त्याचे डोळे माझ्यावर नव्हतेच. उलट्या गाडीच्या उघड्या बाजूतून त्याला फक्त दोन गुडघे आणि चिखलाने भरलेले बूट दिसत होते. ते त्याने ओळखले.

"तू इथे काय करतोयस?" त्याने विचारलं. या वेळी माझ्यामार्फत नाही.

बॅरीने नाक पुसलं.

"तिकीट काढून आलोय," तो म्हणाला.