मिशीवाल्याचे पासष्ट गुण

माझं चष्म्यांचं दुकान आहे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची आणि त्या खुर्चीत बसून दिवसभर हुज्जत घालणारी माणसं. "एवढा नंबर शक्यच नाही, पुन्हा बघा." मी पुन्हा बघतो. नंबर तोच निघतो. मग मी शांतपणे सांगतो, "शंभर वेळा तपासलं म्हणून डोळे बदलत नाहीत." हे मी अशा अधिकारवाणीनं म्हणतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला पदरी पडलं ते पवित्र मानायची सवयच आहे.

तसं काही नाही. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे. तो लावला आमच्या साडूबुवांनी. ते शाळेत भूगोल शिकवतात. वयानं माझ्याहून लहान, पोटानं मोठे. मला दादा म्हणतात. एका प्रदर्शनात आम्ही दोघांनी एकाच नाणेवाल्याकडून एकसारखी दोन चांदीची नाणी घेतली. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला झुबकेदार मिशांचा कुणी राज्यकर्ता. माझी बायको त्याला 'मिशीवाला' म्हणते.

नाण्यांचा दर्जा ठरवून देणाऱ्या कंपन्या असतात. फी भरून नाणं पाठवायचं. तिथले जाणकार भिंगातून बघतात, सत्तरपैकी गुण देतात आणि नाणं पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. गुण जास्त, तर मान जास्त. आम्ही दोघांची नाणी एकाच पाकिटातून पाठवली. साडूबुवांच्या मिशीवाल्याला चौसष्ट गुण मिळाले, माझ्याला त्रेसष्ट.

"एका गुणानं काय होतंय, दादा," साडूबुवा म्हणाले.

त्यांनी टोमणा मारला असता तर मी सहन केला असता. सांत्वन केलं, ते मात्र लागलं.

मी नाणं पुन्हा पाठवायचं ठरवलं. डबीसकट पाठवलं तर आधीचे गुण बघून परीक्षक तेच ठेवतील, म्हणून डबी फोडणं आलं. ती फोडायला दुकानातला चष्म्यांचा पेचकस निरुपयोगी ठरला. मग स्वयंपाकघरातला बत्ता घेतला. प्लास्टिकचा एक तुकडा उडून बायकोच्या पिठाच्या डब्यात पडला.

"ह्या माणसाला त्रेसष्ट मिळाले म्हणून घर फोडताय का?" तिनं विचारलं.

"माणसाला नाही, नाण्याला."

"मग नाण्याला वाईट वाटलंय का?"

निकाल आला, त्रेसष्ट. मी पुन्हा डबी फोडली. एका जाणकारानं मला सांगितलं होतं, की आठवड्याच्या सुरुवातीला परीक्षकांचा मूड चांगला असतो. त्या हिशोबानं पार्सल धाडलं. ह्या वेळी बासष्ट आले. परीक्षकाचं घरी भांडण झालं असणार, असं मी बायकोला म्हणालो. तिनं पीठ चाळायला घेतलं. चौथ्यांदा पुन्हा त्रेसष्ट. हे सगळं चालू असताना मी दुकानात लोकांना सांगतच होतो, की शंभर वेळा तपासलं म्हणून डोळे बदलत नाहीत.

शेवटी वैतागून मी मिशीवाला ज्याच्याकडून घेतला त्याच नाणेवाल्याला विकून टाकला. त्यानं तो निर्विकार चेहऱ्यानं घेतला, एखाद्यानं माहेरी परत आलेली लेक आत घ्यावी तसा. घरी आल्यावर मी जेवलो नाही. बायकोनंही आग्रह केला नाही.

पुढच्या प्रदर्शनाला आम्ही दोघं साडू बरोबरच गेलो. एका टेबलावर तसंच नाणं दिसलं, डबीवर पासष्ट. मी भिंग लावून पाहिलं. काय ती चमक, काय त्या मिशा. जहाजाच्या दोऱ्या मोजून घ्याव्यात इतक्या ठळक. माझ्या जुन्या नाण्यात ही धार कुठली असायला, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

"दादा, राहू द्या," साडूबुवा हळूच म्हणाले. ते टेबलाकडे पाठ करून उभे होते.

"का?"

"महाग आहे. आणि… नका घेऊ. माझं ऐका."

ऐकतो कशाला. ह्यांच्याकडे चौसष्ट, माझ्याकडे पासष्ट येणार, म्हणून पोटात दुखतंय, हे मला लख्ख दिसत होतं. ते जितकं "नको" म्हणाले, तितकी माझी घाई वाढली. मी घासाघीससुद्धा केली नाही. परतताना मी मोठ्या मनानं त्यांना म्हणालो, "एका गुणानं काय होतंय, साडूबुवा."

आठवडाभर मी हवेत होतो. मग साडूबुवा दुकानात आले, म्हणाले, वाचताना अक्षरं पुसट दिसतात. मी त्यांना मशीनसमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली.

"दादा, एक बोलू का?"

"बोला, पण हलू नका."

"ते नाणं तुमचंच आहे."

"माझंच आहे. पैसे मोजलेत मी."

"तसं नाही. तुमचं जुनंच आहे ते. तुम्ही विकलंत, ते नाणेवाल्याकडून मी घेतलं. वाटलं, घरातली वस्तू घरात राहील. डबी फोडून पाठवलं, तर पासष्ट आले. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार? घरात ठेवायचीही चोरी, म्हणून त्या टेबलवाल्याला विकलं. त्या दिवशी त्यानं ओळखू नये म्हणून पाठ करून उभा होतो. तुम्हाला किती सांगितलं, घेऊ नका."

हनुवटी टेकलेली असल्यामुळे त्यांना मान खाली घालता येत नव्हती, आणि दुसऱ्या बाजूनं मी त्यांच्या डोळ्यात बघत असल्यामुळे मलाही नजर चुकवता येईना.

"तुम्ही किती वेळा पाठवलं होतंत?" मी विचारलं.

"एकदाच."

हे ऐकून मला जे झालं, ते बाकी कशानं झालं नव्हतं. मी त्यांचा नंबर काढला. तो थोडा वाढला होता. त्यांनी पुन्हा तपासा म्हटलं नाही.

घरी सांगितल्यावर बायको इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत तिनं तिच्या बहिणीला फोन लावला आणि दोघी मिळून पुन्हा पहिल्यापासून हसल्या. रागावण्यासाठी मी योग्य जागा शोधत राहिलो, ती काही सापडली नाही. खरं सांगायचं तर साडूबुवांवर राग येतच नव्हता. माझा फजितवाडा टाळायला त्या बिचाऱ्यानं भर प्रदर्शनात भिंतीकडे तोंड करून घेतलं होतं, आणि मी त्याला मत्सरी ठरवून मोकळा झालो होतो.

दोन दिवसांनी बायकोनं मला स्वयंपाकघरात पकडलं. माझ्या एका हातात डबी होती, दुसऱ्या हातात बत्ता.

"सहासष्ट?" तिनं विचारलं.

तिनं दोन्ही वस्तू काढून घेतल्या. बत्ता जागेवर ठेवला आणि डबी त्याच संध्याकाळी बहिणीकडे नेऊन दिली. आता दोन्ही मिशीवाले साडूबुवांच्या कपाटात शेजारीशेजारी असतात. सुट्टीच्या दिवशी मी बघायला जातो. साडूबुवा डबी माझ्या हातात देतात आणि मी ती परत देईपर्यंत समोरून हलत नाहीत.

परवा उजेडाकडे धरून बराच वेळ बघितल्यावर मी म्हणालो, "साडूबुवा, खरं सांगा, ह्या मिशा पासष्टच्या वाटतात का हो?"

"दादा," ते म्हणाले, "चहा निवतोय."