सायकलीवरची कोठी

कोठीकाकूंची सायकल लांबून पाहिली तर शर्यतीला नव्हे, बिऱ्हाड हलवायला निघाल्यासारखी वाटे. यंत्र तसं उत्तम होतं. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं अशा ट्रायथलॉनसाठीच बनवलेलं, पुढे कोपरं टेकून वाकायची सोय असलेलं, हलकं आणि महाग. त्या हलकेपणावर काकूंनी अक्षरशः पाणी फिरवलं होतं. कोपरांच्या मध्ये नळीची एक बाटली, सांगाड्यावर एक, सीटच्या मागे दोन. गतिरोधक आला की सीटमागच्या बाटल्या उडून रस्त्यावर पडतात, हा आमच्यातल्या प्रत्येकाचा अनुभव. काकूंच्या कधी पडल्या नाहीत. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी त्या करकचून बांधल्या होत्या.

सांगाड्यावरच्या बाटलीत पाणी नसे, सामान असे. पावडर लावून जुन्या मोज्यात गुंडाळलेल्या दोन ट्यूब, टायर उचकटायच्या पट्ट्या, पान्यांचा जुडगा, हवेचा छोटा सिलिंडर. शिवाय दुधाच्या पिशवीचा धुऊन कापलेला तुकडा. टायर फाटलं तर आतून लावायला याच्याइतकं चिवट काही नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते खरं निघालेलं मी पाहिलं आहे. ट्यूब नेहमी लांब व्हॉल्व्हची. "लांब तोंडाची कुठल्याही रिमला चालते. आखूड तोंडाची फक्त आपल्याला," असं त्या म्हणत.

लग्नघरात एक बाई कोठीची किल्ली कमरेला लावून बसलेली असते आणि सगळा मांडव तिच्याकडे धावत असतो. आमच्या गटात ते काम काकूंकडे आलं, म्हणून त्या कोठीकाकू. राहायला शनिवार पेठेत, नोकरी बँकेत, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती सोडलेली. सासूबाई गेल्यावर पन्नाशीत सायकलीवर बसल्या. घरातून कुणीही बाहेर पडलं तरी पिशवी काकूंनीच भरायची, ही जन्माची सवय. मुलाचा डबा, काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आणि आता आमच्या ट्यूब.

मी मूळचा अकोल्याचा, नोकरीसाठी हडपसरला आलेला. रविवारी पहाटे सगळे धायरीला जमायचो आणि तिथून धरणाच्या रस्त्याला लागायचो. पहिल्या काही रविवारी मी आपलं सामान घेऊन गेलो. मग लक्षात आलं की कुणीच काही आणत नाही. "काकू आहेत ना" हे आमच्या गटाचं ब्रीदवाक्य होतं. आम्ही हलके होत गेलो आणि काकू जड होत गेल्या.

एकदा धायरीच्या चौकात आमच्यातल्या कुणाची तरी ट्यूब बदलताना त्यांनी सगळा संसार फुटपाथवर मांडला. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, सायकलवर दुकान हाय का तुमचं?"

"दुकान नाही, अन्नछत्र आहे," काकू म्हणाल्या. "यांच्या घरी कुणी काही देत नाही."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. एक लांब पल्ल्याची ट्रायथलॉन वेळेच्या आत पुरी करायची. पहिल्या वेळी त्या दोन अनोळखी मुलांच्या पंक्चरसाठी थांबल्या आणि सायकलीचा टप्पा संपतो तिथे पोहोचल्या तेव्हा अडसर लागला होता. "मॅम, वेळ संपली," तिथला स्वयंसेवक म्हणाला. "तुमची संपली असेल," असं म्हणून काकू उतरल्या. दुसऱ्या वर्षी आमच्याच गटातल्या एकासाठी थांबल्या. तो वेळेत पोहोचला, त्या नाही पोहोचल्या. त्याने संध्याकाळी पदकासह फोटो टाकला. काकूंनी त्याला अंगठा दिला.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी गुडघे पाहिले. एका रविवारी चहा पिताना काकूंनी ते एका वाक्यात सांगितलं, "या वर्षी पळा म्हणाले, पुढच्या वर्षीपासून चाला." मग त्यांनी सीटमागची एक बाटली काढून ठेवली, मोज्यातल्या दोन ट्यूबपैकी एक काढली.

"काकू, मग आमचं काय?" एकाने विचारलं. तो गमतीत बोलत नव्हता.

"आपापलं," काकू म्हणाल्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मला अवदसा आठवली. उंच रिमची चाकं भाड्याने मिळत होती, दिसायला देखणी, वेगाला बरी. ती बसवली आणि सोबतची जादा ट्यूब मात्र जुनीच ठेवली, आखूड व्हॉल्व्हची. परतीच्या चढावर मागचं चाक बसलं. जादा ट्यूब आत घातली तर व्हॉल्व्हचं तोंड रिमच्या बाहेरच येईना. आत हवा भरायची कशी? बाभळीखाली चाक मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. जाणाऱ्यांना हात केला, पण कुणाकडे चालणारी ट्यूब नव्हती आणि ज्यांच्याकडे असेल ते बोलत नव्हते.

मग काकू आल्या. मी उठून उभा राहिलो. ट्यूब त्यांच्याकडे होती, लांब तोंडाचीच असणार, हे मला पक्कं माहीत होतं. वेळेचं गणितही माहीत होतं. त्या थांबल्या असत्या तर मी पुढे गेलो असतो आणि त्यांच्यासमोर पुन्हा तोच अडसर लागला असता. त्यांनी वेग कमी केला. माझ्या चाकाकडे पाहिलं.

"उंच रिम?"

"हो."

"बरं," काकू म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. मी त्यांच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात बरंच काही बोललो. मग एकदा वाटलं, या बाईने आजवर कुणाच्या समोरून अशी सायकल नेली असेल का? आणि मी एकटाच त्या रस्त्यावर टाळ्या वाजवायला लागलो. त्यांना ऐकू गेल्या नसतील.

मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीने मला आणि सायकलीला उचलून शेवटच्या रेषेपाशी सोडलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा काकू दिसल्या. पळणं असं त्याला म्हणता आलं नसतं, एक पाय ओढत येत होत्या. घड्याळात थोडीच मिनिटं उरली होती. रेषा ओलांडल्यावर कुणीतरी गळ्यात पदक घातलं. त्या थेट माझ्याकडे आल्या.

"मी तुला ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "ट्यूबही होती. सॉरी म्हणणार नाही."

"म्हणू नका."

"पहिल्या वळणापर्यंत वाईट वाटलं. पुढे नाही वाटलं. फक्त स्वतःचं बघत सायकल चालवली. फार छान वाटलं रे." एवढं बोलताना त्यांचा आवाज हलला. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

त्यानंतर काकू पळाल्या नाहीत. सायकल विकली, मुलाकडे बंगलोरला गेल्या. आमचा गट अजून धायरीला जमतो. आता प्रत्येकाच्या सायकलीवर सामान असतं आणि सगळे थोडे हळू चालवतात.

त्या दिवशी डोळे पुसून त्यांनी एक प्रश्न विचारला होता. "राग आला होता का?"

"आला होता."

"किती वेळ?"

"तुम्ही वळणाआड जाईपर्यंत," मी म्हणालो. खरं तर तो त्याहून बराच जास्त वेळ टिकला होता, पण तेवढं त्यांना द्यावं असं मला वाटलं.