माहिती देणाऱ्याची सही

माझी भावजय मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि ते मी कधी लपवलंही नाही. ती पार्लर चालवते. बोलायला लागली की समोरच्या बाईचे केस कापून होतात, हिचं वाक्य पुरं होत नाही. घरात कपाटांची दारं सताड उघडी, तीन खोल्यांत अर्धवट प्यायलेल्या चहाचे तीन कप, आणि किल्ली रोज हरवलेली. अशा बाईशी आमच्या धाकट्याने लग्न केलं. तेही मला न विचारता.

धाकटा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. बावीस वर्षं तेच मशीन, तेच स्टूल. फ्रेमच्या मापाने काच कापायची, कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायची. काच अर्ध्या अंशाने फिरलेली असली तरी तो ती बाहेर जाऊ देत नाही. मालक ओरडतो, गिऱ्हाईक घड्याळाकडे बघतं, हा शांतपणे नवी काच घेतो. दुकानातले लोक त्याला पॉइंटराव म्हणतात. त्याला वाटतं, मानाने म्हणतात. ताटातला एक पदार्थ दुसऱ्याला टेकलेला त्याला चालत नाही. ‘कसा आहेस’ विचारलं, तर ‘कशाबद्दल विचारतेस’ म्हणतो. असतात माणसं अशी. त्याला काही नाव द्यायची गरज नाही, असं माझं मत होतं.

भावजयीला मात्र नाव हवं होतं. तिचे वडील गेले त्या दिवसापासून. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी येऊन सांगितलं, ती भिंतीला पाठ लावून खाली बसली, आणि आमच्या धाकट्याने तिला विचारलं, "मग मी आता दुकानात जाऊ का? दोन चष्मे आज द्यायचेत." मी शेजारीच उभी होते. लाजेने मेल्यासारखं झालं मला. तरी मी म्हटलं, घाबरलाय तो. ती काही बोलली नाही. बडबडी बाई गप्प बसली की समजावं, हे प्रकरण मिटलेलं नाही.

वर्षभराने तिच्या फोनवर ती प्रश्नावली आली. प्रौढांसाठी, जोडप्यांसाठी. ऑटिझम आहे का, लक्ष एका जागी न टिकण्याचं ते एडीएचडी आहे का, घरबसल्या स्वतःच तपासा. पूर्वी लोक राशी जुळवायचे, आता हे. तिने आपली दहा मिनिटांत उरकली. एडीएचडीत तिला भरघोस गुण पडले आणि परीक्षेत पहिली आल्यासारखी ती सगळ्यांना फोन करत सुटली, "बघा, किल्ल्या मी मुद्दाम हरवत नाही!" धाकट्याला तीन संध्याकाळी लागल्या. ‘कधीकधी’ म्हणजे आठवड्यातून किती वेळा, आणि सुट्टीचा दिवस त्यात धरायचा का, असं त्याने त्या लोकांना लिहून विचारलं. उत्तर कोण देतंय! त्याचे गुण ऑटिझमच्या बाजूला गेले. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हे निदान नाही, तज्ज्ञांना भेटा. निदान नाही तर भरायला कशाला लावता?

पण ते दोघं भेटले. तज्ज्ञ बाईंनी तासतासभर बोलून शेवटी एक छापील फॉर्म हातात ठेवला. आज जे दिसतंय ते लहानपणीही होतं का, हे बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही म्हणे. आईवडील नसतील तर ज्याने वाढवलं त्याने भरायचा. आमचे आईवडील कधीच गेले. आणि ते होते तेव्हाही धाकट्याला वाढवलं मीच. मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी.

भावजय फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. मी बस म्हटलं नाही, तरी बसली.

"ताई, एवढं भरून द्या. जसं होतं तसं."

"आमच्या घरात वेडं कोणी नव्हतं."

"वेडं कोण म्हणतंय? मलाच बघा ना, मलासुद्धा..."

"तुझं तू बघ."

तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"ताई, एकदाच ऐका," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा तो जे बोलला, ते कळत नव्हतं म्हणून बोलला असेल, तर मी त्याच्यासोबत म्हातारी होईन. मला काही अडचण नाही. पण कळत असूनही बोलला असेल, तर मला त्या घरात श्वास घेता येत नाही. मला एवढंच जाणून घ्यायचंय."

कोर्टात मी तीस वर्षं लोकांच्या साक्षी टाईप केल्या. नवरा-बायकोची भांडणं किती टाईप केली, त्याची गणती नाही. इतकं सरळ कोणी बोललेलं मला आठवत नाही. तरी माझ्या कानात शिरलं ते एवढंच, की ही बया आमच्या पोराला वेडा ठरवायला निघाली आहे.

ती गेल्यावर मी टेबलाशी बसले. अठ्ठावीस प्रश्न होते. ‘वस्तू ओळीत मांडत असे का?’ बाटल्यांची झाकणं खिडकीत लहानमोठी लावून ठेवायचा, एक हललं तर घर डोक्यावर घ्यायचा. ‘आवाजाचा त्रास होत असे का?’ कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली, दोन्ही कान दाबून. ‘कपड्यांबद्दल तक्रार?’ कॉलरच्या आतली पट्टी टोचते म्हणून रडायचा. तो बारा वर्षांचा होईपर्यंत प्रत्येक शर्टाची पट्टी मी कात्रीने काढली आहे. ‘एकटाच खेळत असे का?’ मी नसले तर एकटाच.

सगळं आठवत होतं. आणि हेही आठवत होतं, की शाळेच्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं, याला त्या वेगळ्या शाळेत घाला. आई घरी आली, त्याला बडवलं, मध्ये पडले म्हणून मलाही बडवलं, आणि म्हणाली, पुन्हा हा विषय या घरात काढायचा नाही. गल्लीतली पोरं त्याला येडा म्हणायची. दोघांचे दात मी पाडलेत. चाळीस वर्षं मी ज्या शब्दाला दाराबाहेर उभा ठेवला, त्याला आता सही करून आत घेऊ?

‘कधीच नाही’ असा शेवटचा रकाना होता. मी त्यात अठ्ठावीस खुणा केल्या. घरात कोणी नव्हतं, तरी डावा हात कागदावर आडवा धरला होता. खाली ‘माहिती देणाऱ्याची सही’ अशी ओळ होती, तिथे सही ठोकली आणि पाकीट बंद करून त्या तज्ज्ञ बाईंकडे स्वतः नेऊन दिलं.

तीन आठवड्यांनी भावजयीचा फोन आला. आवाज इतका शांत, की आधी मला ओळखूच आला नाही.

"ताई, डॉक्टर म्हणाल्या, लहानपणी काहीच नसेल तर हे निदान बसत नाही. बरं झालं तुम्ही खरं ते लिहिलंत. म्हणजे त्याला कळत होतं."

मी तेव्हा खरं सांगू शकले असते. मी म्हटलं, "मी आधीच सांगितलं होतं." तिने फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात पार्लरच्या वरच्या खोलीत राहायला गेली.

रविवारी सकाळी धाकटा आला. डॉक्टरांकडून त्याने फॉर्मची प्रत मागून आणली होती. माझ्या बहुतेक खुणांशेजारी त्याच्या त्या कोरलेल्यासारख्या अक्षरात पेन्सिलीने काहीबाही लिहिलं होतं.

"ताई, यातली बावीस उत्तरं चुकली आहेत. तू विसरलीस."

खोटं लिहिलंस, असं नाही म्हणाला. माणूस असं करू शकतो, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

"मी दुरुस्त केलीत. तू सही कर. डॉक्टर म्हणाल्या, ताईंची सही असेल तर पुन्हा बघू."

"आता काय उपयोग? ती गेली."

"ती परत यावी म्हणून नाही. मला कळत नव्हतं, ते तिला कळायला हवं. तिला त्रास होतो." मग बोट ठेवून म्हणाला, "हे बघ, कॉलरची पट्टी. तूच कापायचीस ना?"

सही करायची म्हणजे त्या बाईसमोर खोटी ठरायचं. ती माझ्याकडे बघेल, आणि मी मान खाली घालेन. या वयात? तिच्यापुढे? माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मला नाही आठवत असलं काही," मी म्हटलं.

त्याने कागद आपल्याकडे ओढून घेतला. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर मी सही केली असती, असं मी स्वतःला सांगते.

"तू मोठी होतीस. मी लहान होतो," तो म्हणाला. "तुला आठवत नाही म्हणजे माझंच चुकत असेल."

त्याने खिशातून खोडरबर काढलं आणि पहिल्यापासून एकेक उत्तर खोडायला घेतलं. झाकणं. कुकर. पट्टी. प्रत्येकावर फुंकर मारून कागद साफ करत होता. मी समोर बसून होते. बावीसच्या बावीस उत्तरं खोडून होईपर्यंत मी त्याला थांबवलं नाही.

मग तो उठला, दाराशी बूट घालायला बसला.

"म्हणजे दवाखान्यात मी मुद्दामच बोललो," तो म्हणाला. "तिला तसं सांगून येतो."